खिडकीपलीकडचा आवाज

संपादकांचा फोन आला तेव्हा मी चौकशीच्या खिडकीत बसून डबा उघडत होते. ते चंद्रपूरचे. चंद्रपूर आणि आमचं गडचिरोली, अशा दोन्ही जिल्ह्यांत जाणाऱ्या एका लहानशा दैनिकाची रविवारची पुरवणी ते बघायचे. सहा महिने मी त्यांना दर आठवड्याला तीनशे शब्दांचा एक विनोदी मजकूर पाठवत होते आणि ते तो निमूट छापत होते. फोन कधी करत नसत. त्यामुळे त्यांचं नाव दिसताच मी डबा बाजूला ठेवला.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "पण तुमचा कंडक्टर, भाजीवाली, तलाठी, डॉक्टर, सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात. आणि त्या शाळेच्या मास्तरीणबाई तुम्हीच आहात."

ते हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर मी डबा न खाताच बंद केला.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या बसस्थानकावर नोकरी करते. आधी नऊ वर्षं कंडक्टर होते. मग मणक्याने दगा दिला आणि मला खिडकीत बसवलं. गाडी कुठली, कधी, कितव्या फलाटावर, हे लोकांना सांगायचं आणि भोंग्यावरून ओरडायचं: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा तरी म्हणते. माझी भाषा साफ आहे म्हणून हे काम मला मिळालं, असं साहेब म्हणायचे. ती साफ असण्याचं श्रेय बाबांचं.

बाबा वडशाला राहतात. प्राथमिक शाळेत मास्तर होते. आजोबा दुसऱ्याच्या धानात राबले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरात पहिलं काय केलं असेल तर बाबांना शाळेत घातलं. आमच्या घरी दोन नियम होते: पुस्तकाला पाय लागू द्यायचा नाही आणि 'मले' म्हणायचं नाही. अंगणात खेळताना मी मैत्रिणींशी 'मले, तुले, काऊन' असंच बोलायचे. उंबरठा ओलांडला की 'मला, तुला, का'. इतक्या वर्षांत तो उंबरठा माझ्या जिभेतच येऊन बसला होता. कागदावर पेन टेकवलं की माझ्या हातून आपोआप बाबांना आवडेल असं वाक्य उतरायचं. दर रविवारी सकाळी ते पुरवणी वाचून फोन करत आणि सांगत, "आज एक चूक आहे. 'आशिर्वाद' नव्हे, 'आशीर्वाद'." मजकूर विनोदी होता की नाही, याबद्दल ते काही बोलत नसत.

संपादकांच्या फोननंतर मी माणसांना वेगवेगळं बोलायला लावायच्या मागे लागले. तलाठ्याच्या तोंडी दर वाक्याला 'तसं पाहिलं तर' घातलं. भाजीवालीला हिंदी दिली. डॉक्टरला अडखळत बोलायला लावलं. लिहून झाल्यावर वाचलं तर काय, तलाठ्याच्या तोंडी मी, भाजीवालीच्या तोंडी हिंदी बोलणारी मी आणि डॉक्टरच्या तोंडी अडखळणारी मी. नुसते मुखवटे बदललेले, आतला चेहरा एकच. तीन आठवडे मी काहीच पाठवलं नाही. संपादकांनी विचारलंही नाही, याची धास्ती वेगळीच.

त्याच दिवसांत ती बाई माझ्या लक्षात आली. म्हणजे ती आधीपासून येतच होती. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, शिंदीच्या पानांचे झाडू विकायला जंगलातल्या एका गावाहून यायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. साठीची असेल. गोंड घरातली. खिडकीशेजारच्या बाकावर उरलेले झाडू मांडीवर घेऊन बसायची. तिची गाडी कधीच वेळेवर नसायची. बाकीचे लोक खिडकीवर हात आपटून विचारायचे, "मॅडम, गाडी कधी?" ही उठून यायची, गजाला हात लावायची, आधी माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघायची, मग माझ्याकडे.

"बाई, गाडी येते का नाई, ते नको सांगू. तुले काय वाटते, ते सांग."

पहिल्यांदा मी रजिस्टर उघडून दाखवलं. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ते कागदाले वाटते. तुले काय वाटते?"

"मला वाटतं, येईल अर्ध्या तासात."

"असं," ती म्हणाली आणि जाऊन बसली. तास उलटला. ती परत आली. मला वाटलं, आता चिडेल.

"तिच्या घरी काई झालं असन," ती म्हणाली. गाडीबद्दल. चेहऱ्यावर हसू नव्हतं. एखाद्या सोयरीची काळजी करावी तशी ती रस्त्याकडे बघत होती. "नाईत ती असं करत नाई."

मी जुन्या वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूला ते वाक्य तसंच उतरवलं. मग पुढचं. असे तीन-चार मंगळवार गेले. एका शनिवारी मी बसले आणि तासाभरात तीनशे शब्द लिहून काढले. गाव बदललं, झाडूंच्या जागी टोपल्या केल्या, आणि खिडकीत मी नाही तर एक जाडा साहेब बसवला. बाकी सगळं तिचं. 'मले'ही ठेवलं. ते लिहिताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. घरात कोणी नव्हतं.

मजकूर छापून आला. सोमवारी आगारातल्या ड्रायव्हरांनी तो मोठ्याने वाचला. ज्या गाड्या उशिरा येतात त्यांच्याबद्दल सगळे म्हणू लागले, "तिच्या घरी काई झालं असन." संपादकांनी फोन केला. "ताई, सापडलं! हीच बाई दर रविवारी हवी."

बाबांचा फोन मात्र रविवारी आला नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी मीच केला.

"वाचलं," ते म्हणाले.

"चुका आहेत का?"

"तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही," ते म्हणाले. "मास्तरकीच्या शिक्षणासाठी मी पहिल्यांदा शहरात गेलो, तेव्हा वर्गात उभा राहून म्हणालो, 'मले पाठ आहे.' सगळा वर्ग हसला. शिकवणारेही हसले. त्या दिवसापासून दोन वर्षं माझं नाव 'मले' होतं. जेवायला बसलो तरी, 'ए मले, वरण दे.' आपल्यासारख्यांची बोली छापून येते तेव्हा लोक हसायलाच बसलेले असतात. तू सांभाळ."

सांभाळ म्हणजे नक्की काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी दुपारी ती बाई नेहमीसारखी बाकावर बसली होती आणि मी खिडकीतून तिच्याकडे बघू शकले नाही. उपाहारगृहवाला भजी जुन्या पेपरात बांधून द्यायचा. तिच्या हातात पुडी दिसली की तो कागद कुठल्या रविवारचा आहे, हे मी मान लांब करून बघायचे. तिला वाचता येत नाही, असं मी गृहीत धरलं होतं, आणि याच गोष्टीचा मला आधार वाटतो हे लक्षात आलं की स्वतःचीच शरम वाटायची.

दर रविवारी म्हणजे दर आठवड्याला नवीन काहीतरी हवं. ती बाई दर आठवड्याला काही नवीन बोलत नसे. कधी नुसती बसायची. मग मी तिच्या वतीने बोलू लागले. दुसरा मजकूर अर्धा तिचा होता, तिसरा पाव. पुढे मी ठरावीक जागी ठरावीक तऱ्हेने तिला काही कळत नाही असं दाखवत गेले. तिला लिफ्ट कळत नाही, तिला आधार कार्ड कळत नाही. हे लिहायला सोपं जायचं आणि हसूही खात्रीचं यायचं. सहाव्या मजकुरात ती बाजारात एका दुकानावर पैसे द्यायचा स्कॅनचा चौकोन बघते आणि विचारते, "ह्या चौकोनात इतक्या मुंग्या कोणं चिरडल्या वं?"

या वाक्याने कहर केला. लोकांनी ते एकमेकांना मोबाइलवर पाठवलं. मला अनोळखी माणसांचे फोन आले. मी खूश झाले, आणि खूश असतानाच मला झोप लागेना. काहीतरी हातून निसटलं आहे हे कळत होतं, पण काय ते सापडत नव्हतं.

ते आमच्या आगाराच्या संमेलनात सापडलं. दुपारचा कार्यक्रम होता. हिशोब विभागातला एक सहकारी डोक्यावर पदर घेऊन, कंबरेत वाकून स्टेजवर आला आणि माझा तो मुंग्यांचा मजकूर किरट्या आवाजात म्हणू लागला. दर 'मले'ला थांबायचा, डोळे फिरवायचा. मांडव हसून लोळला. मीही हसले. समोरच्या रांगेत बसून, तोंडावर हात ठेवून हसले. आणि हसता हसता ते माझ्या लक्षात आलं. तो माणूस तिची टवाळी करत होता आणि माझी वाक्यं त्याला कुठेही अडवत नव्हती. "तिच्या घरी काई झालं असन" हे वाक्य त्याने घेतलं असतं तर त्याला ते असं म्हणता आलं नसतं. ते म्हणताना माणसाला रस्त्याकडे बघावंच लागतं. मुंग्यांचं वाक्य मात्र कुणीही कसंही वापरावं असं होतं. ते मी तिच्यासाठी लिहिलंच नव्हतं. त्या मांडवासाठी लिहिलं होतं.

सातवा मजकूर मी पाठवलाच नाही. पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही.

तिसऱ्या मंगळवारी मी तिच्या गावच्या गाडीच्या ड्रायव्हरला सहज विचारल्यासारखं विचारलं. "त्या झाडूवाल्या बाई दिसत नाहीत."

"तिकडची कोणी तरी म्हणे का बुढीचं पेपरात आलं," तो म्हणाला. "आता काय वं मॅडम, मोठी झाली ते."

तो गेला. त्या दिवशी मी दोन गाड्यांचे फलाट चुकीचे सांगितले.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी सकाळी त्याच गाडीत जाऊन बसले. दोन तासांचा रस्ता. मधे पोलिसांनी गाडी थांबवून पिशव्या बघितल्या, माझ्या पिशवीत तेलकट कागदात बांधलेली जिलबी आणि सहाही रविवारांच्या पुरवण्या होत्या. पुरवण्या कशाला घेतल्या, ते मलाच ठाऊक नव्हतं. गाडीभर मी माफीचं वाक्य जुळवत होते. 'मला माफ करा' म्हटलं तर ते भोंग्यावरून सांगितल्यासारखं वाटत होतं. 'मले माफ कर' म्हटलं तर तिची नक्कल केल्यासारखं. आयुष्यभर दोन्ही बोलत आले आणि त्या दिवशी माझ्याजवळ एकही धड नव्हतं.

मोहाचे दिवस होते. गावात शिरताच तो जडसर गोड वास आला. तिचं घर विचारायला लागलं नाही. अंगणात चटई टाकून ती मोहाची फुलं वाळत घालत होती. मला बघून तिने आश्चर्यही दाखवलं नाही.

"गाडी टाइमावर आली आज," ती म्हणाली. "बस."

तिची सून आतून पाणी घेऊन आली. अंगणवाडीत मदतनीस होती, तिशीतली, नीट विंचरलेली. तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि सासूला गोंडीत काहीतरी म्हणाली. सासूने उत्तर दिलं. दोघी हसल्या. मला गोंडी येत नाही. हातात पेला धरून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्याबद्दलच होतं, एवढं कळत होतं. काय होतं, ते विचारायची सोय नव्हती. त्या बसल्या जागी मला आणखी एक गोष्ट उमगली. ही बाई खिडकीवर जे बोलायची ती तिची घरची भाषाच नव्हती. मी 'मले-तुले' म्हणजे तिचा आवाज समजत होते. ती तर परक्या भाषेत येऊन, नेमके शब्द निवडून, एवढं बोलत होती.

बिनदुधाचा चहा झाला. तिने मोहाबद्दल सांगितलं, यंदा फूल कमी आहे म्हणाली, अस्वलाने पलीकडच्या पाड्यात कुणाला तरी ओरबाडलं म्हणाली. पेपराचं काही नाही. शेवटी मीच म्हणाले, "बाई, मी पेपरात लिहिलं होतं."

"हाव. आयकलं. सुनेनं सगळे वाचून दाखवले."

"सगळे?"

"सहा." तिने मूठभर फुलं चटईवर पसरली. "पहिल्यातली बाई त मी आहो. मंग बाकीच्या पाच कोण होत्या?"

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एखादी ओळखीची असेल तर, अशा सुरात विचारत होती. मी पिशवीतल्या पुरवण्या आणखी आत दाबल्या.

सून आत गेली आणि झाडूची एक जुडी घेऊन आली. जुडीच्या दोरीला एक जाड कागद बांधलेला होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. स्कॅनचा चौकोन.

"हे मागच्या दिवाळीपासून आहे," सून म्हणाली. तिची मराठी माझ्याएवढीच साफ होती. "आई बाजारात ह्याच्यावरच पैसे घेतात."

"तुले मीच दाखवलं होतं," सासू म्हणाली. "खिडकीत. आठवते का?"

मला आठवलं. खरंच दाखवलं होतं. मी कोणत्या तरी गाडीची घोषणा करत होते, मान डोलावली होती आणि विसरून गेले होते.

"आता बाजारात पोट्टे येतेत," ती म्हणाली, "म्हणतेत, आजी, मुंग्यावालं बोलून दाखव. मी म्हणतो, मी नाई बोलली ते. त म्हणतेत, बोल ना वं, पेपरात आहे. झाडू घेत नाई, आयकाले येतेत." ती थांबली. "मोह त सकाळीच येचून होते. बाजाराले येता आलं असतं."

एवढंच. ती ओरडली नाही, रडली नाही. मी जे वाक्य दोन तास जुळवत आले होते ते न जुळवताच बाहेर पडलं, काय शब्दांत ते आता आठवतही नाही. रडू आलं एवढं आठवतं. तिने मला रडू दिलं. समजावायलाही आली नाही.

"मी बंद करते," मी म्हणाले. "सांगा, बंद करू का?"

"मले काऊन विचारतेस? चालू करताना विचारलं होतं का?"

सुनेने जिलबीची पुडी सोडली आणि तीन पानांवर वाटली. खाताना सासू म्हणाली, "त्याच्यात खिडकी आहे, गाडी आहे, मी आहो. तू कुठी गेलतीस?"

"मी?"

"खिडकीत त तूच बसतेस. तिथी कोणता जाडा मानूस आणून बसवला? तू भोंग्यात बोलतेस ना, 'लक्ष द्यावे, लक्ष द्यावे', तवा मी बसून पाह्यतो. गाडी समोर उभी राह्यते, सगळ्याईले दिसते. अन् तू सांगून राह्यली का गाडी आली. अन् नाई येत तवा चूप. मंग तू कोणाले बोलतेस वं?"

सून फिसकन हसली. मलाही, डोळे ओले असताना, हसू फुटलं. ती मात्र हसली नाही. ती आपल्या बोलण्यावर कधीच हसत नाही. जिलबी खात माझ्या उत्तराची वाट बघत होती.

परतीच्या गाडीत मी ते सगळं मनात घोळवत होते आणि लिहायची भीती वाटत होती. पुढचे चार आठवडे मी एकच मजकूर लिहीत राहिले. जाड्या साहेबाला काढलं. खिडकीत एक बाई बसवली, साफ बोलणारी, रजिस्टरवर विश्वास ठेवणारी, आलेल्या गाड्यांची घोषणा करणारी आणि न आलेल्यांबद्दल गप्प बसणारी. पहिल्या खर्ड्यात मी तिलाही जरा गोड केलं होतं. ते खोडलं. झाडूवालीच्या तोंडचे निम्मे 'मले-तुले' कमी केले आणि पाहिलं, तर ती तरीही तीच राहिली. ती आधी पाण्याच्या बाटलीकडे बघते, मग बोलते. विचारायचं ते सरळ विचारत नाही, पण सांगायचं ते सरळ सांगते. आणि तिच्या वाक्यानंतर मी जे दर वेळी एक शेपूट जोडत होते, वाचकाला कोपर मारून 'बघा, कशी बोलली' असं सांगणारं, ते सगळीकडून छाटलं. मजकूर दोनशे साठ शब्दांचा उरला. खाली मी एक ओळ घातली: 'मुंग्यांचं वाक्य त्या बाईंचं नव्हतं. ते माझं होतं आणि चुकीचं होतं.'

ते पाठवण्याआधी मी ड्रायव्हरबरोबर निरोप देऊन वेळ ठरवली आणि सुनेला फोन लावला. त्यांच्या गावात शाळेमागच्या टेकाडावरच रेंज येते. त्या दोघी तिथे गेल्या, स्पीकर लावला आणि मी वाचलं. वाचून झाल्यावर पलीकडून काहीच आवाज येईना. फोन तुटला की काय म्हणून मी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं.

"आहो, आहो," तिचा आवाज आला. "ही मी आहो. ते दुसरी कोण आहे, ते बी कळलं. दे छापाले."

संपादकांना ती शेवटची ओळ नको होती. "ताई, विनोदाखाली माफीनामा कोण छापतं?" मी म्हणाले, ओळ काढायची असेल तर मजकूरच काढा. हे म्हणणं सोपं नव्हतं, कारण पुरवणी हातची गेली असती तर मला खरंच वाईट वाटलं असतं. त्यांनी मजकूर फोनवरच पुन्हा एकदा वाचून पाहिला. मग म्हणाले, "हसू जरा कमी येतं ह्याला. पण छापतो."

रविवारी सकाळी नऊलाच बाबांचा फोन आला. मी उभ्यानेच घेतला.

"दोन चुका आहेत," ते म्हणाले.

"कोणत्या?"

"ती बाई म्हणते, 'मी आधी पायी जात होती.' तसं नाही म्हणणार ती. 'मी पायी जावो' म्हणेल. आणि 'तो रोज द्यायचा' नव्हे, 'तो रोज दे'. तुझी आजी असंच म्हणे." मग थोड्या वेळाने, "मी पायी जावो," असं ते पुन्हा एकदा हळू म्हणाले, जणू नीट बसतं की नाही ते जिभेवर पाहत होते. त्यांच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते लगेच शुद्धलेखनाकडे वळले असते.

बाजारातली पोरं अजून मुंग्यांचं विचारतात. ती छापलेली ओळ सगळ्यांनी थोडीच वाचली! हसवणारं वाक्य जितकं धावतं तितकं त्याच्यामागून पाठवलेलं खुलाशाचं वाक्य धावत नाही. पावसाळा लागल्यावर ती पुन्हा येऊ लागली, आता झाडूंऐवजी वास्ते, बांबूचे कोवळे कोंब, घेऊन. बाकावर बसते. तिची गाडी उशिरा असेल तर मी भोंग्यावरून तसं सांगते. साहेब म्हणाले, अशी पद्धत नाही. मी तरी सांगते.

मजकूर महिन्यातून दोन होतात, कधी एकच. प्रत्येक आधी फोनवरून त्यांना टेकाडावर वाचून दाखवते. मागच्या शुक्रवारी वाचलेल्या मजकुरात माझ्या मते आजवरची सगळ्यात चांगली गंमत होती, लग्नाच्या वऱ्हाडाची. वाचताना मी स्वतःच दोनदा अडखळले हसण्याने. पलीकडून नुसता टेकाडावरचा वारा ऐकू येत होता. इतक्या महिन्यांनीही मी तिच्या उत्तराची तशीच वाट बघत होते.

"हा नाई," ती म्हणाली.

"का? काऊन?"

तिने कारण सांगितलं नाही. सुनेने फोन घेतला आणि म्हणाली, आईंना आता खाली उतरायचं आहे, आभाळ आलंय. मी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि संपादकांना कळवलं की या रविवारी माझं काही नाही.